दोन अंश कमी

प्रफुल्ल आष्टनकर दुकानात आला तेव्हा मोनाली निकुरेने त्याला आवाजावरून ओळखलं. चेहरा बदलला होता. गाल आत गेले होते आणि शर्टाच्या उघड्या बटणातून छातीवरच्या ताज्या टाक्यांची रेघ दिसत होती. आवाज मात्र तोच होता. तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात, चौकशी अधिकाऱ्यापुढे, हाच आवाज म्हणाला होता, "घड्याळ हिरवंच होतं, साहेब. कंपनी याहून जास्त काय करणार?"

त्याने तिला ओळखलं नाही. त्या दिवशी ती मागच्या बाकावर आईला धरून बसली होती आणि मागच्या बाकाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"ताई, डॉक्टरांनी घड्याळ घ्यायला सांगितलंय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "प्रहरी. तुमच्याकडे मिळतं ना?"

नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यांच्या गल्लीत हकीमभाईंचं दुकान होतं. शेजारच्या दुकानांत औषधं आणि कुबड्या मिळत, इथे फक्त मनगटावरची घड्याळं, तीही वैद्यकीय वर्गातली. सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. एप्रिल नुकता लागला होता.

"मिळतं," मोनाली म्हणाली. "चिठ्ठी बघू."

चिठ्ठी तिने दोनदा वाचली. दोन महिन्यांपूर्वी बायपास. रोजच्या गोळ्या पाच. त्यातल्या दोन अशा, की घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. शरीराचं आतलं तापमान सतत मोजत राहावं, साडेअडतीसच्या वर गेल्यास ताबडतोब सावली, पाणी, दवाखाना. खाली डॉक्टरांची सही.

म्हणजे या माणसाचा जीव आता घड्याळाच्या भरवशावर होता. आणि घड्याळ तिच्या हातातून जाणार होतं.

मोनालीची बहीण आचल तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. चंद्रपूरजवळ कोळशाच्या बंद खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर होते, त्यांच्यावर एका कंपनीने सौरपाट्या मांडल्या होत्या. नजर पोचेल तिथवर काळ्या काचा. त्यांच्यावरची धूळ रोज धुवावी लागे आणि ते काम सहाशे माणसं करत, बहुतेक बायका. आचल एका टोळीची मुकादम होती.

उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात घड्याळ हवं, असा कायदा आचल गेली त्याच्या दोन वर्षं आधी झाला होता. आतलं तापमान साडेअडतीसच्या वर गेलं की घड्याळ लाल होणार, आणि लाल झालं की वीस मिनिटं सावलीत बसायचं. मालकाला ते थांबवता येत नसे, कारण प्रत्येक लाल आकडा थेट सरकारकडे जाई. उन्हाळ्यात लोक पटापट मरायला लागले होते, म्हणून आणलेला चांगला कायदा होता तो.

मनगटावरून आतलं तापमान मोजायची युक्ती जुनीच आहे. आई तापलेल्या पोराच्या काखेत थर्मामीटर ठेवते आणि हात घट्ट दाबून धरते. काख बंद राहिली की तिथली उष्णता बाहेर जात नाही, आणि थोड्या वेळात काखेची त्वचा आतल्याइतकीच गरम होते. हात उघडा ठेवला तर आकडा कमी येतो. प्रहरी घड्याळ तेच करायचं. त्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, सिरॅमिकचं असे. सिरॅमिक उष्णता अडवतं, त्यामुळे घड्याळाखालची कातडी बंद काखेसारखी राहते आणि आकडा खरा येतो. कायद्यासाठी घड्याळाची तपासणी झाली ती याच सिरॅमिक केसमध्ये.

पण तेच घड्याळ, त्याच नंबराचं, ॲल्युमिनियमच्या केसमध्येही मिळे. विक्रीच्या यादीत ते 'रंग व साहित्य' या रकान्यात होतं. ॲल्युमिनियम उष्णता खेचतं आणि बाहेर टाकतं. त्यात पाट्या धुणारीचे हात सतत ओले. ओल्या धातूवरून कोरडी झळ गेली की तो माठासारखा गार होतो. घड्याळाखालची कातडी गार, अंग आतून भट्टी, आणि आकडा हिरवा.

आचलचं घड्याळ हिरवंच होतं. एकोणीस मे, दुपारचे पावणेदोन. ती पाटीवर हात टेकून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. घड्याळात सदतीस पूर्णांक चार. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांच्या थर्मामीटरने एक्केचाळीसच्या वर दाखवलं. चौकशीत ठरलं, की गाडीत गारवा नव्हता म्हणून अंग वाटेत तापलं असावं. मृत्यूचं कारण हृदयक्रिया बंद. चौकशी अधिकाऱ्याने आईला विचारलं, पोरीचा उपास होता का.

मोनालीला त्याहून वेगळी गोष्ट खुपत होती. आदल्या दिवशी संध्याकाळी आचलचा फोन आला होता.

"बाई, घड्याळ म्हणते मी ठीक हाओ. मंग मले काहून गरगरते?"

"जेवत जाय नीट," मोनाली म्हणाली होती. "घड्याळापेक्षा तुले जास्त समजते का?"

हे तिने आईलाही कधी सांगितलं नाही.

आचलचं घड्याळ पाकिटातून घरी आलं. मोनाली तेव्हा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिने नोकरी सोडली, नागपूरला आली आणि हकीमभाईंच्या हाताखाली घड्याळं उघडायला शिकली. पहिलं वर्ष ती फक्त पाहत राहिली. दुसऱ्या वर्षी तिला मलेरिया झाला. तापाने दात वाजत असताना तिने एका मनगटावर आचलचं ॲल्युमिनियमचं घड्याळ बांधलं, दुसऱ्यावर सिरॅमिकचं, आणि दोन्ही हात ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली पडून राहिली. सिरॅमिकने एकोणचाळीस पूर्णांक चार दाखवलं. आचलच्या घड्याळाने सदतीस पूर्णांक तीन.

ते आकडे तिने कामगार कार्यालयाला पाठवले. उत्तर आलं: केसचे साहित्य हा ग्राहकाच्या आवडीचा भाग असून, त्यामुळे फरक पडतो याची कंपनीस पूर्वकल्पना असल्याचे दिसून येत नाही.

वकील गेडामबाईंनी ते पत्र बाजूला ठेवलं. "फरक पडतो हे तू सिद्ध केलंस. पण त्यांना आधीपासून माहीत होतं, हे सांगणारा एक माणूस आण. तो मिळाला तर प्रकरण मी उद्या उघडते."

खरेदीच्या कागदावर सही होती प्र. ल. आष्टनकर यांची. खरेदी व सुरक्षा अधिकारी.

मोनालीने काउंटरवर मखमलीचा ट्रे ठेवला. त्यात चार केस होत्या. ॲल्युमिनियम, स्टील, टायटॅनियम, सिरॅमिक.

"वैद्यकीय वर्गातलं घड्याळ आहे," ती म्हणाली, "त्यामुळे घेणाऱ्याने कोणतं घेतलं आणि का घेतलं, हे त्याच्याच आवाजात नोंदवावं लागतं. नोंद सरकारी रजिस्टरमध्ये जाते. चालेल?"

"करा, करा. हल्ली सगळीकडे तेच आहे." त्याने पडद्यावर बोटाने सही केली.

काउंटरवरचा छोटा दिवा लागला. मोनालीचा आवाज नेहमीसारखा निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुम्हाला ॲल्युमिनियम देते," ती म्हणाली. "हलकं असतं. ऑपरेशननंतर अशक्तपणा असतो, मनगटाला जड नको. बहुतेक लोक हेच नेतात."

तो हसला. "नको. मला ते नका देऊ."

"का हो? घड्याळ आतून एकच आहे. केस म्हणजे नुसतं वरचं रूप."

"तुम्हाला तसं शिकवलं असेल, ताई. ॲल्युमिनियम खोटं बोलतं. दोन अंश कमी दाखवतं. ओल्या हाताला तर जास्तच." त्याने सिरॅमिकची पांढरी केस उचलली. "हे द्या. हे खरं आहे."

"दोन अंश? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? स्वतः पाहिलंय. आमच्या कंपनीने सहाशे घेतली होती."

मोनालीने ट्रे थोडा आपल्याकडे ओढला. "घेतल्यावर लक्षात आलं असेल मग."

"घेतल्यावर कसलं? आधी." जाणत्या माणसाने नवख्याला सांगावं तसं तो सांगू लागला. "विकणाऱ्याचा इंजिनिअर आला होता. चांगला होता बिचारा. म्हणाला, साहेब, कायद्याची तपासणी सिरॅमिकवर झालीय, ॲल्युमिनियम नेऊ नका. मी म्हटलं, करून बघू. दहा बायकांच्या दोन्ही हातांना दोन घड्याळं बांधली. आठ दिवस. पांढरं घड्याळ पहिल्याच दिवशी अकरा वेळा लाल झालं. दुसरं एकदा."

"मग?"

"मग काय. दिवसाला अकरा वेळा टोळी बसून राहिली तर पाट्या धुवायच्या कुणी? वरून रोज फोन. आम्ही ॲल्युमिनियम घेतलं."

"ती आठ दिवसांची नोंद ठेवली असेल कुणीतरी."

"इंजिनिअरने ठेवली होती. माझीही सही घेतली त्याने. भारी सावध माणूस." त्याने पांढरी केस मनगटावर धरून पाहिली. "पुढे एक बाई गेली आमच्याकडे. बरीच गडबड झाली. पण कागद सगळे बरोबर होते."

मोनालीला वाटलं, आता आपण ओरडणार. तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "तर तुमची निवड सिरॅमिक. कारण ॲल्युमिनियम दोन अंश कमी दाखवतं, हे तुम्हाला माहीत आहे. बरोबर?"

"बरोबर."

तिने नोंद बंद केली. पट्टा बसवून, घड्याळ त्याच्या अंगाशी जुळवून द्यायला वेळ लागणार होता. त्याला दवाखान्यात तपासणीही होती. चार वाजता येतो म्हणून तो गेला. दारातून बाहेर पाऊल टाकताच त्याने घाईने छत्री उघडली. त्याला ऊन फार समजत होतं.

दुकानाच्या मागच्या भागात, कामाच्या बाकावर, मोनालीने दिवा ओढून घेतला आणि खण उघडला. जुन्या मालात एक ॲल्युमिनियमची केस होती, वरून पांढऱ्या मुलाम्याची. शोभेसाठी काढलेली. नुसत्या डोळ्यांना सिरॅमिकच वाटे. तिने त्याच्या घड्याळाचा आतला भाग सिरॅमिकमधून काढला आणि त्या पांढऱ्या केसमध्ये बसवला. सहा स्क्रू. अकरा मिनिटं लागली.

तिने तारखांचा हिशेब केला. आता एप्रिल. मे यायचाय. या माणसाला घाम येणार नाही. एखाद्या दुपारी त्याला गरगरेल, तो मनगट बघेल आणि घड्याळ म्हणेल, सदतीस पूर्णांक चार. तो स्वतःलाच समजावेल की आपण ठीक आहोत. बायकोला सांगेल, घड्याळापेक्षा मला जास्त कळतं का. तिला बरं वाटलं, अगदी जेवल्यासारखं बरं.

हकीमभाई दुपारचा नमाज आटोपून आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक घड्याळावर सील तेच लावत. त्यांनी पांढरं घड्याळ तळहातावर घेतलं आणि थांबले.

"मोनाली बेटा, हे सिरॅमिक नाही."

तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाकावर ठेवला.

"पन्नास वर्षं घड्याळं उचलतोय. सिरॅमिक हातात खड्यासारखं बसतं. हे पाखरासारखं आहे." त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. आचलचं घड्याळ त्यांनीच तिला पहिल्यांदा उघडून दाखवलं होतं. खरेदीच्या कागदावरची सहीही त्यांनी पाहिली होती. ते स्टुलावर बसले. "तोच हा?"

"हो."

"त्याला मारायचंय तुला?"

"हो," मोनाली म्हणाली. "तिले जसं मारलं तसंच."

हकीमभाईंनी घड्याळ बाकावर ठेवलं. "तुला अडवायला मी तुझा बाप नाही. पण कारागीर म्हणून एक सांगतो. रजिस्टरमध्ये सिरॅमिक लिहिलंय. हा पडला की पोलीस पहिल्यांदा घड्याळ उघडतील. आत तुझ्या हाताचं काम सापडेल. सकाळी काय बोलला तो?"

तिने नोंद ऐकवली. हकीमभाईंनी डोळे मिटून ऐकली. "कागद सगळे बरोबर होते" इथे त्यांनी मान खाली घातली.

"हे आता कोण ऐकेल?" ते म्हणाले. "म्हणतील, ही मेलेल्या पोरीची बहीण, हिने डाव रचला, हिनेच वदवून घेतलं. तुझ्या सहा स्क्रूंनी त्याचं बोलणं पुसलं जाईल. आणि तो सुटेल, बेटा. मेलेला माणूस सगळ्यातून सुटतो."

हकीमभाई उठून पुढे गेले. मोनाली बाकापाशी बसून राहिली. तो मेला तर त्याच्या घरी फोटोला हार चढेल. लोक म्हणतील, हृदयाचा आजार होता बिचाऱ्याला. आचलचं नाव कुणी घेणार नाही. आणि तो जगला तर? तर त्याला उभं करता येईल. तशाच खोलीत, आणि या वेळी आई पुढच्या बाकावर असेल. त्याचाच आवाज त्यालाच बसून ऐकावा लागेल. त्यासाठी तो धडधाकट हवा. एकही उन्हाळा त्याला काही होता कामा नये.

तिने पुन्हा सहा स्क्रू काढले.

चार वाजता आष्टनकर आला. मोनालीने घड्याळ स्वतः त्याच्या मनगटावर बांधलं, दोनदा तपासून. "झोपतानाही काढू नका," ती म्हणाली. "लाल झालं की लगेच सावलीत. पाणी जवळ ठेवा. गोळ्या चुकवू नका."

"तुम्ही फार काळजीने सांगता," तो म्हणाला.

"हो," मोनाली म्हणाली. "तुम्हाला जगायला हवं."

गेडामबाईंनी अर्जात फक्त रजिस्टरचा नोंद क्रमांक टाकला आणि न्यायालयाने ती नोंद मागवावी अशी विनंती केली. नोंद आली. मग इंजिनिअरला समन्स गेलं. तो नोकरी सोडून नाशिकला राहत होता. त्याने एक वही आणली, आठ दिवस, दहा बायका, वीस मनगटं, आणि प्रत्येक पानाखाली आष्टनकरची सही. पहिल्याच पानावर सातव्या ओळीत एका बाईच्या नावापुढे लिहिलं होतं, पांढरे घड्याळ लाल, बाई म्हणते बसायचे नाही, काम राहील. ती बाई साक्षीला आली होती. तिने ते वाचून दाखवलं तेव्हा तिचा आवाज फुटला.

सगळ्याला चौदा महिने लागले. मोनाली एकही तारीख चुकली नाही. आष्टनकरचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून आला, दोन अंश कमी दाखवतं, तेव्हा ती फक्त त्याच्याकडे पाहत होती. त्याने एकदा वळून काउंटरवरच्या बाईला ओळखलं. मग पुन्हा वळला नाही. आई पुढच्या बाकावर होती.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. आचल निकुरे हिचा मृत्यू उष्माघाताने, कामावर असताना, आणि टाळता येण्यासारखा. सगळी ॲल्युमिनियमची घड्याळं त्याच दिवशी काढायची. आष्टनकर आणि त्याच्या वरच्या दोघांवर सदोष मनुष्यवधाचा खटला. तोवर तो जामिनावर.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. त्यातल्या काहींनी घड्याळं तिथेच काढून पदरात बांधली होती आणि मनगटावर घड्याळाखाली न रापलेल्या कातडीच्या पट्ट्यांकडे बघत होत्या. मोनाली आईला रिक्षात बसवून परत आली, तेव्हा आष्टनकर कडुलिंबाच्या सावलीत एकटाच उभा होता. वकील निघून गेला होता.

"ताई," तो म्हणाला. "एक विचारू?"

ती थांबली.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, मी कोण ते. दुकानात."

"तुम्ही तोंड उघडलं तेव्हाच."

"तरी तुम्ही मला..." त्याने मनगट किंचित वर केलं. "तुमच्या हातात होतं. दुसरं देऊ शकला असता."

"देल्लं होतं," मोनाली म्हणाली. शहरातली बोली तिने सोडून दिली होती. "पांढरा मुलामा देल्लेलं ॲल्युमिनियम. तुमच्या घड्याळाले मीच बसवलं होतं, माह्या हातानं."

आष्टनकरचा चेहरा पडला. त्याने घड्याळाकडे पाहिलं. आकडा हिरवा होता, सदतीस पूर्णांक एक. वर ऊन कडकडत होतं. चौदा महिन्यांत कितीदा आपल्याला गरगरलं आणि कितीदा या आकड्याकडे पाहून आपण निर्धास्त झालो, ते तो आठवत असावा.

"मग आता हे कोणतं आहे?" त्याने विचारलं. आवाज प्रथमच अडखळला. "ताई, हे कोणतं आहे?"

ते सिरॅमिक होतं. सांगायला एक शब्द पुरला असता. तो शब्द मोनालीच्या ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. कुठल्याही चांगल्या कारागिराने त्याला पाच मिनिटांत सांगितलं असतं, हे तिला माहीत होतं. पण त्या कारागिरावरही तो आता विश्वास ठेवणार नाही, हेही तिला माहीत होतं.

"सहाशे बायांनी तुमाले हेच विचारलं असतं," ती म्हणाली. "त्यायले तं विचारायचं हेबी मालूम नव्हतं."

ती रिक्षाकडे निघाली. आईने सरकून तिला जागा दिली. रिक्षा वळताना तिने पाहिलं, आष्टनकर सावलीतून बाहेर पडायला तयार नव्हता. त्याने घड्याळ काढून हातात घेतलं होतं, पालथं केलं होतं, आणि दुसऱ्या हाताचा पंजा कपाळावर ठेवून तो स्वतःचा ताप बघत होता.